पगार बाजार ठरवतो, पण त्या बाजारात गिऱ्हाईक किती?

‘पगार बाजार ठरवतो. मालकांमध्ये स्पर्धा असते, त्यामुळे कोणी कोणाला लुटू शकत नाही. पटत नसेल तर दुसरी नोकरी शोधा. सरकारने नाक खुपसलं की गरिबांच्याच नोकऱ्या जातात.’ हा संदेश सध्या जोरात फिरतोय. सगळी वाक्यं ठाम आहेत, म्हणून एकेक तपासू.

‘दुसरी नोकरी शोधा.’ पण कुठे? पंचक्रोशीत एकच मोठं इस्पितळ असेल, तर नर्सने दुसरी नोकरी शोधायची म्हणजे बिऱ्हाड हलवायचं. माल विकणारा एकटाच असला की आपण मक्तेदारी म्हणून ओरडतो. श्रम विकत घेणारा एकटा असला की त्यालाच बाजार म्हणतो! जोन रॉबिन्सन या अर्थतज्ज्ञ बाईंनी 1933 मध्येच या दुसऱ्या प्रकाराची मांडणी केली. त्याला मोनॉप्सनी म्हणतात.

‘मालकांमध्ये स्पर्धा असते.’ असते, पण ती टाळायची सोयही असते. अ‍ॅपल, गुगल, इंटेल, अडोबी या कंपन्यांनी एकमेकांची माणसं फोडायची नाहीत असं आपसात ठरवल्याचा आरोप अमेरिकी न्याय विभागाने 2010 मध्ये केला. पुढे कर्मचाऱ्यांच्या दाव्यात या चौघींनी 41.5 कोटी डॉलर मोजून तडजोड केली. ही गत इंजिनिअरांची, हमालाचं काय घेऊन बसलात?

आता खरा मुद्दा, नोकऱ्या जाण्याचा. समजा, गावात एकच कारखाना आहे. 10 कामगार, प्रत्येकी रोज 100. प्रत्येकाच्या कामातून मालकाला 150 मिळतात. अकरावा माणूस 110 शिवाय येत नाही. त्याला 110 दिले की बाकीचे दहाही तेवढेच मागणार. म्हणजे तो एकटा माणूस मालकाला 210 ला पडतो, म्हणून त्याला घेतलंच जात नाही. मजुरी कमी आणि नोकऱ्याही कमी. आता सरकारने किमान वेतन 110 केलं, तर दहा जणांना ते द्यावंच लागतं. अकरावा फक्त 110 मध्ये मिळतो आणि 150 कमावून देतो. मालक त्याला घेतो. पगार वाढला आणि नोकरीही वाढली. हेच किमान वेतन 160 केलं तर मात्र कारखान्याला टाळं लागेल. संदेशात एवढंच खरं आहे.

हे नुसतं कागदी गणित नाही. अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात एप्रिल 1992 मध्ये किमान वेतन तासाला 4.25 वरून 5.05 डॉलर झालं. डेव्हिड कार्ड आणि अ‍ॅलन क्रूगर या अर्थतज्ज्ञांनी तिथल्या आणि शेजारच्या पेनसिल्व्हेनियातल्या मिळून 410 फास्ट फूड दुकानांची तुलना केली. नोकऱ्या घटल्याचं दिसलं नाही. त्या आकड्यांवर पुढे बरीच खडाजंगी झाली, हेही सांगायला हवं. कार्ड यांना 2021 मध्ये नोबेल मिळालं.

राहता राहिलं सरकारचं नाक. ते तर जुनंच आहे, फक्त बहुतेकदा दुसऱ्या बाजूने खुपसलेलं. प्लेगने माणसं मेली, मजूर दुर्मिळ झाले, मजुरी वाढू लागली, तेव्हा इंग्लंडच्या संसदेने 1351 मध्ये कायदा केला: साथीआधीच्याच दराने राबा. 1799 आणि 1800 च्या कायद्यांनी कामगारांना एकजुटीने पगार मागायलाच बंदी केली. कागदावर ती मालकांनाही लागू होती. बडगा मात्र कामगारांवरच पडला, थेट 1824 पर्यंत.