दातात किडे नसतात, आणि अ‍ॅलर्जीची गोळी अशी मनाने बंद करायची नसते

तो मेसेज तुमच्याकडेही आलाच असेल. "अ‍ॅलर्जीच्या गोळ्या खाणाऱ्यांनो सावधान" अशी सुरुवात, मध्ये लाल खुणा, शेवटी दहा जणांना पाठवा. माझ्याकडे तो दोन महिन्यांत चार वेळा आला आणि चारही वेळा मी पूर्ण न वाचता डिलीट केला. तेव्हाच घरच्यांना फोन करून सांगायला हवं होतं, कारण पाचव्या वेळी तो माझ्या आत्याकडे पोचला. ती कराडच्या बाजूला गावात राहते, त्यांच्या भजनी मंडळाच्या ग्रुपवर आला, आणि पाठवणारे कोण तर शाळेतले निवृत्त गुरुजी, ज्यांचा शब्द गावात कुणी खाली पडू देत नाही.

आत्या ६३ वर्षांची. धुळीची आणि गाजर गवताची अ‍ॅलर्जी, जोडीला दमा. सात-आठ वर्षं रोज रात्री लिव्होसेटिरिझिनची गोळी घेते. खालची उजवी दाढ दिवाळीपासून ठणकत होती. मेसेज वाचून तिने गोळी बंद केली, डेंटिस्टची अपॉइंटमेंट रद्द केली आणि बाजाराच्या दिवशी धुरी देणाऱ्याकडे जाऊन दाढेतले 'किडे' काढून घेतले. त्याच रात्री अकरा वाजता भावाचा फोन आला, आत्याला धाप लागलीये, पंप घेऊनही कमी होत नाहीये, नेब्युलायझर लावायला दवाखान्यात नेतोय.

मेसेजमध्ये काय आहे ते थोडक्यात सांगते. अ‍ॅलर्जीच्या गोळ्यांनी दात किडतात म्हणून त्या आजच बंद करा. बंद केल्यावर अंगाला खाज सुटली तर घाबरू नका, साठलेलं विष बाहेर पडतंय. दातातली कीड रिंगणीच्या बियांच्या धुरीने पाच मिनिटांत पडते. डेंटिस्ट लुटतात, दात साफ केले की ढिले होतात, वरची दाढ काढली की नजर जाते. आणि स्वस्तातली जेनेरिक गोळी म्हणजे नकली माल.

आधी धुरीचंच घेते कारण सगळ्यात जास्त चीड त्याचीच आहे.

ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी, लोखंडी पळी लाल होईपर्यंत तापवतात, तिच्यावर तेलात घोळवलेल्या भुईरिंगणीच्या बिया टाकतात, वर नरसाळं धरतात आणि नळीतून तो धूर तोंडात, दुखऱ्या दाढेवर घ्यायला लावतात. खाली पाण्याची थाळी. थोड्या वेळाने पाण्यात पांढरे किडे तरंगताना दिसतात आणि माणसाची खात्री पटते. आत्याने दीडशे रुपये दिले आणि ते किडे कागदाच्या पुडीत बांधून घरी आणले, मला दाखवायला. मी पुडी उघडून पाहिली. तांदळाच्या कणीपेक्षाही बारीक, पांढरट, एका टोकाला बाक आलेले, खरंच अळीसारखे दिसणारे. आणि वर आत्या म्हणते, "हे बघ गं, एवढे होते, आता दुखत पण नाही."

वाद घालून उपयोग नव्हता. रविवारी मी काष्ठौषधीच्या दुकानातून दहा रुपयांच्या रिंगणीच्या बिया आणल्या, आत्याला चार घरं सोडून काकूंकडे बसवलं म्हणजे धुराचा वास पण येणार नाही, आणि मागच्या अंगणात भावाने अन् मी तीच पळी, तेच तेल, तेच नरसाळं, खाली पाणी असं सगळं मांडलं. फक्त तोंड कुणाचंच नाही. धूर नुसताच वर गेला. पाच मिनिटांनी थाळीत अकरा 'किडे' होते. मोबाईलवर सगळं रेकॉर्ड केलं आणि आत्याला दाखवलं. ती बराच वेळ बघत राहिली, मग पुडीतले किडे आणि स्क्रीनवरचे किडे शेजारी धरून पाहिले, आणि विचारलं, "मग माझ्या दाढेत काय होतं गं?"

ते बीच असतं. उष्णतेने बी तडकतं आणि आतला कोवळा अंकुर, जो बियात गुंडाळलेला असतो, तो बाहेर पडतो. युरोपातही शेकडो वर्षं हाच प्रकार चालायचा, तिथे रिंगणीच्याच कुळातली दुसरी एक वनस्पती वापरायचे. फ्रान्समध्ये पिएर फोशार नावाच्या दंतवैद्याने किडलेले दात सूक्ष्मदर्शकाखाली तपासले, त्याला एकही किडा सापडला नाही, आणि १७२८ साली त्याने तसं छापून सांगितलं. २०२८ मध्ये ३०० वर्षं होतील त्याला, आणि आपण अजून बाजारात पाण्याची थाळी बघतोय.

थोडा दोष आपल्या शब्दाचाही आहे. आपण म्हणतोच 'दात किडला', 'कीड लागली', त्यामुळे ज्वारीत पडते तशी अळी डोळ्यापुढे येते. प्रत्यक्षात तोंडातले जिवाणू आपण खाल्लेल्या साखरेचं आणि पिठाचं आम्ल करतात, दाताच्या भोवती पीएच (आम्लता मोजायचं माप, जितका कमी तितकं आम्ल जास्त) साधारण ५.५ च्या खाली गेला की वरचं कठीण कवच, इनॅमल, विरघळायला लागतं, आणि दिवसातून दहा वेळा चहा-बिस्किट झालं की त्याला भरून यायला वेळच मिळत नाही. खड्डा पडतो. खड्डा खोल गेला की नसेपर्यंत पोचतो आणि मग ठणका.

आता आत्याचं दुखणं थांबलं होतं ते का, हे सांगते, कारण याच्यावरच सगळे फसतात. आतली नस मरून गेली की दुखायचं थांबतं. दाढ बरी झालेली नसते, मुळाशी पू साठत असतो. आत्याचं दुखणं चार-पाच दिवस थांबलं आणि मंगळवारी सकाळी उठली तर उजवा गाल आणि जबड्याखाली सूज, तोंड दोन बोटं पण उघडेना. खालच्या दाढांचा संसर्ग जिभेखाली आणि गळ्याकडे पसरला तर श्वासाचा रस्ता बंद होऊ शकतो, याला लुडविग्ज अँजायना म्हणतात, १८३६ पासून वैद्यकात माहीत असलेली गोष्ट आहे, आणि माणूस दगावू शकतो. आत्या तिथपर्यंत गेली नाही कारण त्याच दिवशी डेंटिस्टने पू काढून दिला आणि अँटिबायोटिक सुरू केलं. जबड्याखाली सूज, ताप, गिळायला त्रास, आवाज घोगरा यातलं काही दिसलं तर सकाळची वाट बघू नका, सरळ मोठ्या हॉस्पिटलला जा.

आणि दम्याच्या माणसाला तोंडात धूर! मेसेज लिहिणाऱ्याने तो अ‍ॅलर्जीवाल्यांसाठीच लिहिलाय हो. ज्यांना उदबत्ती सहन होत नाही त्यांना सांगतोय जळत्या तेलाचा धूर ओढा. मला हे वाचूनच हात थरथरायला लागतात.

दुसरं, 'खाज म्हणजे विष बाहेर पडतंय'. आत्याने सोमवारी गोळी बंद केली, बुधवारपासून अंगभर खाज, रात्री झोप नाही, हातापायावर ओरखडे. तिने ते सहन केलं, कारण मेसेजमध्ये आधीच लिहून ठेवलं होतं की असं होणार. आता खरं काय ते. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक खात्याने, मे २०२५ मध्ये अधिकृत सूचना काढली की सेटिरिझिन किंवा लिव्होसेटिरिझिन बरेच महिने किंवा वर्षं रोज घेऊन एकदम बंद केलं तर काही थोड्या लोकांना तीव्र खाज सुटते. २०१७ ते २०२३ या काळात जगभरातून त्यांच्याकडे २०९ केसेस आल्या, बंद केल्यावर साधारण दोन दिवसांत खाज सुरू झाली, आणि गोळी परत सुरू केल्यावर बहुतेकांची थांबली. इतक्या लोकांनी घेतलेल्या औषधात २०९ म्हणजे दुर्मिळच, पण होतं हे खरं. त्यामुळे 'गोळीची सवय लागते' असं कुणी म्हणालं तर मी सरसकट खोटं म्हणणार नाही, तेवढं मान्य करावं लागतं. पण त्यावरचा उपाय डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी करणं हा आहे, ओरखडे काढत विष संपायची वाट बघणं हा नाही. आत्याच्या डॉक्टरांनी हेच कारण असू शकतं म्हणून गोळी परत दिली, तीन दिवसांत खाज गेली.

याच धर्तीवर अजून एक खरी सूचना आहे, ती मेसेजमध्ये नाही, मीच सांगते. मॉन्टेलुकास्ट, जे आपल्याकडे लिव्होसेटिरिझिनबरोबर एकाच गोळीत सर्रास देतात, त्याच्यावर एफडीएने मार्च २०२० मध्ये सगळ्यात कडक इशारा छापायला लावला, कारण काहींना झोप, मूड, विचार यावर परिणाम होतो. साधी सर्दी-शिंका असेल तर ते गरजेचं आहे का हे डॉक्टरांना विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. दम्यासाठी दिलं असेल तर मात्र मनाने सोडू नका.

'गोळ्यांनी दात किडतात' यातही अर्धं खरं आहे. या गटातल्या औषधांनी तोंड कोरडं पडू शकतं, जुन्या झोप आणणाऱ्या गोळ्यांनी जास्त, नव्यांनी कमी, आणि लाळ कमी झाली की दातांचं संरक्षण कमी होतं. पण गोळी न घेता नाक चोंदलेलं ठेवलं तर माणूस रात्रभर तोंडाने श्वास घेतो, तेव्हा तोंड कोरडं पडत नाही का? गोळी चालू ठेवा, पाणी पीत राहा, पंप घेतल्यावर खळखळून चूळ भरा, रात्री ब्रश केल्यावर काही खाऊ नका, आणि डेंटिस्टला सांगा की मी ही औषधं घेते. अ‍ॅलर्जीवाल्यांनी अजून एक लक्षात ठेवा, सायनस, म्हणजे नाकाच्या बाजूच्या हाडातल्या पोकळ्या, भरले की वरच्या दाढा एकदम सगळ्या दुखतात, खाली वाकलं की जास्त, कारण त्यांची मुळं सायनसच्या अगदी खाली असतात. ते दुखणं दातांचं की सायनसचं हे एक्स-रे आणि तपासणीतूनच कळतं, पळीने नाही.

बाकीचे मुद्दे पटापट. स्केलिंगने, म्हणजे डेंटिस्टकडून दात साफ केल्याने, दात ढिले होत नाहीत, हिरडी आधीच सुटलेली असते आणि मधला दगडासारखा थर दातांना धरून बसलेला असतो, तो निघाला की ढिलेपणा जाणवतो. थोडे दिवस झिणझिण्या येतात, ते खरं. वरच्या दाढेची नस आणि नजरेची नस या दोन वेगळ्या नसा आहेत, दाढ काढून नजर जात नाही. लवंग तेलाने ठणका तात्पुरता कमी होतो, त्यातलं युजेनॉल डेंटिस्टही वापरतात, पण नुसतं तेल हिरडीवर ओतलं तर भाजतं आणि खड्डा तसाच राहतो. आणि दुखऱ्या दाढेला मशेरी लावणाऱ्या बायकांनो, ती भाजलेली तंबाखू आहे, तिने तोंडाचा कॅन्सर होतो, एवढं तरी ऐका.

आता पैशाचं. इथे मला मेसेजवाल्याचा राग येतो तरी लोकांचा येत नाही, कारण खर्च खरंच झेपत नाही. आत्याला एका ठिकाणी रूट कॅनलचे नऊ हजार सांगितले, कॅप वेगळी, दुसऱ्या ठिकाणी तेच साडेचार हजार आणि कॅपचे चार. दर कुठे लावलेले नाहीत, मेडिक्लेममध्ये दातांचा खर्च सहसा बसत नाही, माणूस संशय घेणारच. पण दिवाळीतच गेली असती तर हजाराच्या आसपास फिलिंगमध्ये भागलं असतं असं डॉक्टर म्हणाले, आणि तिला उशीर करायला लावला तो या मेसेजने. खर्चाची अडचण असेल तर आधी जवळच्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात दातांचे डॉक्टर कोणत्या दिवशी असतात ते विचारा. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला शासकीय दंत महाविद्यालयं आहेत, मुंबईत महापालिकेचं नायर दंत महाविद्यालय आहे. खाजगी डेंटल कॉलेजच्या ओपीडीतही शिकणारी मुलं शिक्षकांच्या देखरेखीखाली करतात, वेळ जातो पण पैसे बरेच वाचतात. दोन ठिकाणी विचारा, एक्स-रे मागून घ्या, तो तुमचाच असतो.

गोळ्यांचंही तसंच. आत्या मेडिकलमधून दहा गोळ्यांचं पाकीट घ्यायची ते दोनशेच्या वर जायचं, कारण ते दोन औषधांच्या मिश्रणाचं ब्रँडेड होतं. साधी सेटिरिझिन राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे, तिची कमाल किंमत सरकार ठरवतं, गोळी दोन रुपयांच्या आसपास पडते. डॉक्टरांना "मला साधी, स्वस्तातली चालेल का" एवढं विचारलं तर ते रागावत नाहीत. मिश्रणाचीच गरज असेल तर जनऔषधी केंद्रात तेच औषध निम्म्याहून कमी पैशात मिळतं. जेनेरिक म्हणजे नकली नव्हे, जाहिरात आणि ब्रँडचं नाव वजा केलेलं औषध. नकली माल ब्रँडच्या पाकिटातही येऊ शकतो, म्हणून कुठेही घ्या, बिल घ्या, बॅच नंबर आणि तारीख बघा.

गुरुजींना मी फोन केला होता. ते म्हणाले, मला आलं ते मी पुढे पाठवलं, चांगल्यासाठीच पाठवलं. मी त्यांना आत्याचं नेब्युलायझर, खाज आणि सूज, तारखांसकट सांगितलं. ते गप्प झाले, मग म्हणाले, तो अंगणातला व्हिडिओ मला पाठव, मीच ग्रुपवर टाकतो. काल टाकला त्यांनी. आत्याची रूट कॅनलची शेवटची सिटिंग झाली, कॅप येत्या शुक्रवारी बसणार आहे.