‘तेल ओता आणि चालवा’: वनस्पती तेलाच्या मान्यतेबद्दल फिरणाऱ्या संदेशाला उत्तर

डिझेल गाडीत वनस्पती तेल थेट इंधन म्हणून ओतता येतं, असा एक संदेश फिरतो आहे. त्याचा मजकूर थोडक्यात असा: डिझेल इंजिन मुळात शेंगदाणा तेलासाठीच बनलं होतं, बायोडिझेलला मान्यता आहे म्हणजे तेलालाही आहेच, तेल गरम केलं की दाटपणाचा प्रश्न मिटतो, तळणाचं तेल गाळलं की इंधन तयार, एका प्रयोगशाळेचा दाखला जोडला की परवानगी मिळते, आणि मिळत नसेल तर तेल कंपन्या आडव्या येतात. यात अर्धसत्यं भरपूर आहेत, म्हणून तो पटकन पटतो.

आधी शेंगदाण्याचं बघू. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात ऑटो कंपनीने एक छोटं डिझेल इंजिन शेंगदाणा तेलावर चालवून दाखवलं, हे खरं. पण ते इंजिन खनिज तेलासाठी बांधलेलं होतं आणि काहीही न बदलता वनस्पती तेलावर चालवलं, असं खुद्द रुडॉल्फ डिझेलनेच १९१२ मध्ये सांगितलं आहे. शिवाय प्रदर्शनात इंजिन चालणं वेगळं आणि शेकडो तास चालून शाबूत राहणं वेगळं. अमेरिकेतल्या इंजिन उत्पादकांच्या संघटनेने पर्यायी इंधनांसाठी २०० तासांची चाचणी आखली ती यामुळेच. सुरुवातीच्या तासांत काहीच दिसत नाही. मग नोझलच्या, म्हणजे सिलिंडरमध्ये इंधन फवारणाऱ्या तोटीच्या, भोकांभोवती कार्बन धरतो, फवाऱ्याऐवजी धार पडू लागते, पिस्टनच्या रिंगा चिकटतात आणि न जळलेलं तेल सिलिंडरच्या भिंतीवरून ओघळून इंजिन ऑइलमध्ये उतरतं. तिथे डिझेल उतरलं तर इंजिन ऑइल तापल्यावर ते काही प्रमाणात तरी उडून जातं. वनस्पती तेल उडत नाही, उलट तिथेच घट्ट होत जातं. डिपस्टिकवर पातळी वाढलेली दिसते आणि चालक खूश होतो की गाडी ऑइल खात नाही! असंच चालू राहिलं तर संपमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाशी ऑइल साठतं त्या भांड्यात, ऑइलची जेली झालेली सापडते.

‘बायोडिझेल म्हणजे तेलच ना?’ नाही. तेलाची मिथेनॉलशी अभिक्रिया करून ग्लिसरीन बाजूला काढलं की उरतं ते एस्टर, आणि मान्यता आहे ती त्या एस्टरला. ४० अंश सेल्सिअसला डिझेलचा दाटपणा २ ते ४.५ सेंटिस्टोक (दाटपणा मोजायचं एकक) असतो. युरोपच्या ईएन १४२१४ मानकाप्रमाणे बायोडिझेलचा ३.५ ते ५ असतो, तर रेपसीड (मोहरीच्या कुळातलं तेलबी) तेलाचा ३५ च्या आसपास. युरोपात पंपावरच्या नेहमीच्या डिझेलमध्ये ७ टक्क्यांपर्यंत एस्टर चालतं, नुसतं तेल नाही. अमेरिकेतली पर्यावरण संरक्षण संस्था, म्हणजे ईपीए, प्रक्रिया न केलेल्या तेलाला बायोडिझेल मानत नाही. तिथल्या बायोडिझेल उद्योगाने धुराच्या आरोग्यावरील परिणामांच्या दोन्ही टप्प्यांच्या चाचण्या २००० पर्यंत पूर्ण केल्या. दुसऱ्या टप्प्यात उंदरांना ९० दिवस धुरात ठेवून तपासावं लागतं. एस्टरसाठी कोणीतरी हा खर्च उचलला. तो निकाल नुसत्या तेलाच्या नावावर खपवता येत नाही.

गरम करण्याबद्दल संदेश निम्मा बरोबर आहे. दोन टाक्यांच्या पद्धतीत इंजिन डिझेलवर सुरू करतात, कूलंटच्या उष्णतेने तेल ७०-८० अंशांवर नेतात, मग व्हॉल्व्ह फिरवून तेलावर जातात आणि बंद करण्याआधी पुन्हा डिझेलवर येऊन पंप व नोझल धुऊन घेतात. पण १०० अंशांनाही रेपसीड तेल ८ सेंटिस्टोकच्या आसपासच राहतं, म्हणजे डिझेलपेक्षा दाटच. सीटेन अंकही (इंधन किती चटकन पेट घेतं त्याचं माप) गरम केल्याने बदलत नाही: युरोपात डिझेलला किमान ५१ लागतो, तेलाचा साधारण ४० च्या आत-बाहेर असतो. मंजुरीच्या दृष्टीने खरी अडचण मात्र त्या व्हॉल्व्हची आहे. तो चालकाच्या हातात असेल तर इंजिन कोमट असताना कोणी फिरवला की धुराचं प्रमाण बदललं. म्हणून तपासणारा पहिला प्रश्न विचारतो: ठरावीक तापमानाआधी तेल इंजिनात जाणारच नाही, अशी आपोआप चालणारी सोय आहे का? गाडीत असा बदल करणं हा इंधनापासून वेगळा विषय आहे. अमेरिकेत इंधनाची नोंदणी एकीकडे आणि गाडीत बदल करायला बसवायच्या रूपांतर संचाचं प्रमाणपत्र दुसरीकडे. तेही सगळ्या गाड्यांना मिळून एकच नाही, तर इंजिनांच्या गटागटाप्रमाणे.

तळणाच्या तेलाला गाळणी पुरत नाही. गाळणीत कण अडकतात. विरघळलेलं पाणी आणि सुटी झालेली मेदाम्लं आरपार जातात. आम्लता घरच्या साधनांनीही कळते. १ लिटर पाण्यात १ ग्रॅम सोडियम हायड्रॉक्साइड विरघळवा (हातमोजे आणि चष्मा घालूनच). १० मिली आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये फिनॉल्फ्थॅलीनचे (आम्लता संपली की गुलाबी होणारा दर्शक) दोन-तीन थेंब टाकून, हेच द्रावण थेंबथेंब घालत आधी नुसतं अल्कोहोलच किंचित गुलाबी करून घ्या, नाहीतर त्याची स्वतःची आम्लता तेलाच्या खात्यात जाते. मग त्यात १ मिली तेल घाला आणि द्रावण थेंबथेंब सोडत हलवत राहा. गुलाबी छटा दहा-पंधरा सेकंद टिकली की थांबा. तेलासाठी लागलेल्या दर मिलीलिटरमागे आम्लांक (आम्लतेचं माप) साधारण १.५ धरा. म्हणजे १.३ मिलीच्या पुढे गेलात की २.० ही जर्मन मर्यादा ओलांडली. बराच वेळ तळणात उकळलेलं तेल इथेच अडकतं.

ही मर्यादा डीआयएन ५१६०५ या जर्मन मानकातली. रेपसीड तेलाला इंधन म्हणून मोजणारं हे मानक २००६ मध्ये प्राथमिक रूपात आणि २०१० मध्ये पूर्ण रूपात आलं. पाणी किलोला ७५० मिलिग्रॅमपर्यंत, कचरा २४ मिलिग्रॅमपर्यंत, ११० अंशांवर हवेत न बिघडता किमान ६ तास टिकाऊपणा. फॉस्फरसची मर्यादा आधी १२ मिलिग्रॅम होती, पुढे ती ३ वर आणली. कॅल्शियम आणि मॅग्नेशियम प्रत्येकी १. कारण ही मूलद्रव्यं जळत नाहीत. त्यांची राख धुराच्या फिल्टरमध्ये बसते, आणि फिल्टर कितीही तापवला तरी काजळी जाते, राख राहते. घाणा जास्त तापला की बियांतला फॉस्फरस तेलात जास्त उतरतो. म्हणजे त्याच बिया, तोच घाणा, पण दुपारची खेप सकाळच्या खेपेसारखी निघेलच असं नाही.

‘एक दाखला पुरतो’ हा दावा इथे कोसळतो. प्रयोगशाळा तिच्यापुढे आलेल्या बाटलीबद्दल बोलते, तर मंजुरी देणाऱ्याला पुढच्या प्रत्येक पिंपाची हमी हवी असते. अर्जावर ‘वनस्पती तेल’ एवढं लिहून भागत नाही. कोणत्या बियांचं, कोणत्या मानकाचं, खेपेचा नमुना कुठे आणि किती दिवस राखून ठेवणार, हे लिहावं लागतं.

उरला कटाचा आरोप. जर्मनीत मानक होतं, करसवलत होती, सरकारी पैशातून २००१ ते २००५ दरम्यान शंभरएक ट्रॅक्टर रेपसीड तेलावर चालवून पाहिले गेले. बरेच नीट चालले, पण मोठे बिघाड झालेलेही कमी नव्हते. २००८ पासून सवलत टप्प्याटप्प्याने कमी होत गेली आणि बाजार आटला. दुसरीकडे, तेच तेल हायड्रोजनच्या प्रक्रियेतून काढलं की ईएन १५९४० या युरोपीय इंधन मानकात बसतं आणि त्याचा सीटेन अंक ७० च्या वर जातो. वनस्पतीचं वावडं कोणाला असतं तर हे मानक निघालंच नसतं.

कराबद्दल संदेशात एक ओळ आहे, की दुकानातून घेतलेल्या तेलावर कर भरलेला असतो. तो खाद्यपदार्थावरचा. गाडीत ओतलं की बऱ्याच देशांत इंधनाचं शुल्क लागतं. ब्रिटनमध्ये २००७ पासून वर्षाला २५०० लिटरपर्यंत ते माफ आहे, पण बनवलेल्या आणि वापरलेल्या लिटरांची नोंदवही ठेवावी लागते. आणि माफी फक्त शुल्काची; गाडीच्या धुराची तपासणी ठरल्याप्रमाणे होतेच.