याद्या गाळून वाचलेले पुस्तक

ठाण्यातल्या आमच्या वाचनगटात आम्ही नऊजण आहोत. महिन्याच्या शेवटच्या रविवारी कुणाच्या तरी घरी जमायचे, ठरलेल्या पुस्तकावर बोलायचे आणि कपबश्या यजमानांच्या गळ्यात टाकून निघून यायचे, असा आमचा शिरस्ता आहे. या वेळी ब्रेट ईस्टन एलिस यांची 'अमेरिकन सायको' ही कादंबरी होती. ती मीच सुचवली होती, त्यामुळे बोलणीही मीच खाल्ली. तिथल्या गोंधळात जे धड मांडता आले नाही, ते इथे मांडते आहे.

ज्यांनी ती वाचलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. काळ १९८० च्या दशकाच्या अखेरचा, शहर न्यूयॉर्क. पॅट्रिक बेटमन हा वॉल स्ट्रीटवरचा देखणा, श्रीमंत तरुण दिवसभर कपडे, व्यायाम आणि कुठल्या रेस्टॉरंटमध्ये टेबल मिळेल या विवंचनेत असतो आणि उरलेल्या वेळात माणसे मारतो. निदान आपल्याला तो तसे सांगतो. मूळ प्रकाशकांनी, म्हणजे सायमन अँड शुस्टरने, नोव्हेंबर १९९० मध्ये ऐन वेळी अंग काढून घेतले आणि मार्च १९९१ मध्ये व्हिंटेजने ती बाजारात आणली. ऑस्ट्रेलियात तर ती प्लास्टिकच्या वेष्टनात बंद करून फक्त १८ वर्षांवरील वाचकांना विकली जाऊ लागली. एवढी कीर्ती कानावर आल्यावर आमची मंडळीही रक्ताच्याच तयारीने बसली होती, आणि प्रत्यक्षात पहिला सविस्तर हिंसाचार येईपर्यंत पुस्तकाचा जवळजवळ तिसरा हिस्सा संपतो.

तोवर काय असते? याद्या. समोर आलेल्या प्रत्येक माणसाचा सूट कुणाचा, टाय कुणाचा, बूट कुणाचे, चष्म्याची काडी कसली; सकाळी तोंडाला लावायच्या द्रव्यांचा क्रम; ताटलीत आलेल्या चमत्कारिक पदार्थांची वर्णने. आमच्यातल्या एका निवृत्त बँक अधिकाऱ्यांनी सरळ सांगितले की त्यांनी याद्या गाळल्या, कारण दुसऱ्याच्या टायची माहिती वाचण्याइतके त्यांचे आयुष्य आता उरलेले नाही. सगळे हसले आणि निम्म्यांनी आपणही तेच केल्याचे कबूल केले. माझा वाद नेमका इथे आहे. या पुस्तकातल्या याद्या गाळल्या की मागे फक्त एक खुनी उरतो, आणि खुन्याची गोष्ट सांगायला एलिस यांची गरज नव्हती.

ज्या स्वरात बेटमन टायची वीण सांगतो, त्याच स्वरात तो सुरीचे पाते सांगतो. वाक्याची लय बदलत नाही, विशेषणे वाढत नाहीत. मध्येच तीन अख्खी प्रकरणे तो जेनेसिस, व्हिटनी ह्यूस्टन आणि ह्युई लुईस यांच्या संगीताची समीक्षा करतो, आणि ती एखाद्या होतकरू समीक्षकाने मन लावून लिहावी तितकी नीटनेटकी आहे. शंभर पाने ही यादी सोसलेली असली, तरच पुढे माणसाचे शरीरही यादीतली एक बाब होऊन समोर येते तेव्हा पोटात गोळा येतो. व्हिजिटिंग कार्डांचा प्रसंग आठवा: बेटमन ऐटीत आपले नवे कार्ड टेबलावर ठेवतो, मग एकेक मित्र आपापले काढतो, आणि दुसऱ्याच्या कार्डाचा कागद पाहून या माणसाला अक्षरशः कसेसे होऊ लागते. प्रेतांपाशी त्याला असे काही झाल्याचे मला आठवत नाही.

आमच्या गटातल्या सर्वांत ज्येष्ठ काकूंनी मात्र एकही यादी सोडली नव्हती. त्या म्हणाल्या, "आमच्या घरी लग्नातल्या आहेराची वही असायची. कुणी पातेले दिले, कुणी डबा, कुणाचे पाकीट. पण त्यात माणसांची नावे तरी बरोबर लिहीत." पुस्तकाचे मर्म त्यांनी एका वाक्यात पकडले होते. या कादंबरीत कुणालाच कुणाचे नाव धड ठाऊक नसते. पॉल ओवेन बेटमनला मार्कस हॅल्बरस्टॅम समजतो, आणि बेटमन ती चूक दुरुस्त करत नाही. शेवटी तो वकिलाच्या आन्सरिंग मशीनवर सगळ्या खुनांची कबुली देतो, तर वकील ती थट्टा समजतो, त्याला भलत्याच नावाने हाक मारतो आणि ज्याला मारल्याचे हा सांगतो त्या ओवेनसोबत आपण नुकतेच लंडनमध्ये जेवलो, असेही ऐकवतो.

आम्ही नारायण धारपांच्या भयकथांवर वाढलेली पिढी. तिथे अघोरी शक्ती कितीही माजली तरी तिला ओळखणारा समर्थ येतोच. इथे खुनी घसा फोडून ओळख सांगतो आहे आणि ऐकायला कुणाला वेळ नाही. मला सर्वांत जास्त भीती वाटली ती ओवेनच्या फ्लॅटमध्ये, आणि तिथे रक्ताचा थेंबही नाही. आपण तिथे प्रेते टाकली होती, अशा समजुतीने बेटमन परत येतो. घर लख्ख झालेले आहे, जागोजाग फुले ठेवलेली आहेत आणि इस्टेट एजंट बाई एका जोडप्याला जागा दाखवते आहे. "टाइम्समधली जाहिरात पाहिलीत का?" असे ती विचारते, तो हो म्हणतो, आणि ती शांतपणे सांगते की टाइम्समध्ये जाहिरात दिलेलीच नव्हती. मग ती त्याला निघून जायला सांगते. तिला काय ठाऊक आहे, हे पुस्तक सांगत नाही. जागेचा भाव पडू नये म्हणून माणसे काय काय पुसून टाकतील, हे ठाण्यात फ्लॅट शोधलेल्यांना मी समजावून सांगायला नको.

गटातल्या सर्वांत तरुण मुलीने पुस्तक अर्ध्यावर मिटले होते. उपरोध कितीही धारदार असला तरी त्यासाठी बायकांचे इतके हाल इतक्या बारकाईने कशाला लिहायचे, हा तिचा प्रश्न होता. हे कुणी मजेने लिहिलेले आहे, असे मला वाटत नाही. तरी मी तिला पुरते उत्तर देऊ शकले नाही, कारण तशी चार-पाच पाने मी स्वतः न वाचता उलटली होती. हे मी बोलून बसले आणि बँकवाल्या काकांनी मला तिथेच धरले: याद्या गाळणारा तो गुन्हेगार आणि पाने गाळणारी मी रसिक, हा कुठला न्याय? त्यांच्या बोलण्यात तथ्य होते. निघताना चपला घालता घालता त्यांनी सौदा सुचवला की ते सगळ्या याद्या वाचतील आणि मी माझी पाने वाचायची.

परवा त्यांचा फोन आला, याद्या वाचून झाल्या म्हणून. माझे पुस्तक अजून कपाटात आहे.