३० टक्क्यांचं गणित लेबल निवडतानाच चुकतं

कुपवाड, मिरज, सातारा, शिरवळ, लोणंद पट्ट्यात बाटलीबंद पाणी, सरबत, ताक, खाद्यतेल भरणारे आणि त्यांना प्रीफॉर्म (फुगवून बाटली करतात ती प्लास्टिकची नळी), लेबल, झाकणं पुरवणारे, अशा सगळ्यांसाठी ही पोस्ट आहे. विषय आहे बाटलीत ३० टक्के रिसायकल प्लास्टिक वापरण्याच्या अटीचा. लांब आहे, पण पुढच्या वर्षीची लेबलं छापायला टाकण्याआधी वाचा.

फेब्रुवारी २०२२ मध्ये केंद्राने प्लास्टिक कचरा व्यवस्थापन नियमांना ईपीआरची, म्हणजे आपण बाजारात आणलेल्या प्लास्टिकची जबाबदारी आपणच घेण्याची, मार्गदर्शक तत्त्वं जोडली. कडक प्लास्टिकच्या पॅकिंगमध्ये, म्हणजे कॅटेगरी १ मध्ये, रिसायकल केलेलं प्लास्टिक २०२५-२६ ला ३० टक्के, २०२६-२७ ला ४०, २०२७-२८ ला ५० आणि २०२८-२९ पासून ६० टक्के असावं, असा तक्ता त्यात आहे. हिशोब वजनावर होतो. एक लिटरची बाटली झाकणासकट २० ग्रॅमची धरली, तर वर्षाला ५० लाख बाटल्या भरणाऱ्याचं प्लास्टिक १०० टन होतं. २०२५-२६ च्या ३० टक्क्यांनी त्यातलं ३० टन रिसायकल केलेलं हवं. दिवसाला साधारण सोळा-सतरा हजार बाटल्या काढणारा प्लांट म्हणजे काही फार मोठा कारखाना नव्हे.

रिसायकलर्सकडून ईपीआरची प्रमाणपत्रं विकत घेतली की विषय संपला, असं बरेच जण धरून चालतात. ते चूक आहे. तेवढं प्लास्टिक कुठेतरी रिसायकल झालं, एवढंच ते प्रमाणपत्र सांगतं. ३० टक्क्यांची अट तुमच्या स्वतःच्या बाटलीत काय आहे याची आहे. दुसऱ्या कायद्यामुळे वापर शक्यच नसेल, तर केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळ प्रकरण पाहून सूट देतं. पण तेव्हाही ज्याने ठरल्यापेक्षा जास्त रिसायकल माल वापरलाय, त्याच्याकडून तेवढ्याच वजनाचं प्रमाणपत्र घ्यावं लागतं. उद्दिष्ट चुकल्याबद्दल भरपाईचे पैसे भरूनही जबाबदारी संपत नाही. राहिलेलं उद्दिष्ट तीन वर्षांपर्यंत पुढे ओढलं जातं. ते एका वर्षात पूर्ण केलं तर भरलेल्या रकमेतले ७५ टक्के परत मिळतात, दुसऱ्या वर्षात ६०, तिसऱ्यात ४०. आणि स्वस्तातल्या प्रमाणपत्राच्या मागे लागू नका. महाराष्ट्र, गुजरात आणि कर्नाटकातल्या काही रिसायकलर्सनी लाखो बनावट प्रमाणपत्रं काढल्याचं २०२३ मध्ये मंडळाच्याच तपासणीत उघड झालं होतं.

खाण्यापिण्याच्या मालासाठी आणखी एक दार आहे, ते एफएसएसएआयचं, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचं. २०१८ च्या पॅकेजिंग नियमांत रिसायकल प्लास्टिकला बंदी होती, २०२२ पासून अटींवर परवानगी मिळाली. म्हणजे भंगारातला कुठलाही फ्लेक (बाटल्यांचे बारीक तुकडे) घेऊन प्रीफॉर्ममध्ये ढकलता येत नाही. ज्या रिसायकलरची प्रक्रिया फूड ग्रेड म्हणून मान्य झाली आहे, त्याचाच माल चालतो. त्याला चांगला फ्लेक लागतो, आणि तो चांगला मिळेल की नाही हे आपण लेबल निवडतो तेव्हाच ठरून जातं.

पेट, म्हणजे बाटलीचं प्लास्टिक, पाण्यात बुडतं. एचडीपीई या प्लास्टिकचं झाकण आणि बीओपीपी या पातळ फिल्मचं लेबल तरंगतं. रिसायकलरच्या वॉशिंग लाइनची टाकी याच फरकावर चालते. पीव्हीसीची श्रिंक स्लीव्ह (गरम केल्यावर बाटलीला घट्ट बसणारं नळीसारखं लेबल) मात्र पेटसारखीच तळाला जाते, म्हणून टाकीत वेगळी निघत नाही. पेट वितळवायला २७०-२८० अंश लागतात. तोपर्यंत पीव्हीसी जळून त्यातून हायड्रोक्लोरिक आम्ल सुटलेलं असतं. माल पिवळा पडतो, काळे ठिपके येतात, पेटच्या रेणूंची साखळी तुटते. म्हणून चांगल्या लाइन्स साधारण ५० ते १०० पीपीएमच्या वर पीव्हीसी खपवून घेत नाहीत. १०० पीपीएम म्हणजे टनाला १०० ग्रॅम. एक स्लीव्ह अडीच ग्रॅमची धरा. टनभर मालात, म्हणजे ५० हजार बाटल्यांत, फक्त ४० स्लीव्ह राहिल्या की तो लॉट बाटलीच्या कामाचा राहत नाही. मग तो धाग्याला, पट्टीला जातो.

पेटजी या पेटच्याच एका प्रकाराची स्लीव्हही बुडते. ती ८० अंशांच्या आसपास मऊ पडते आणि ड्रायरमध्ये गोळे करते. माझं स्पष्ट मत आहे की आपल्या भागातल्या भरणाऱ्यांनी पूर्ण अंगाची स्लीव्ह सोडून द्यावी. बीओपीपीची अरुंद पट्टी घ्या, गोंद दोनच रेघांत आणि कॉस्टिक सोड्याच्या गरम पाण्यात सुटणारा. लेबलवाल्याला एक प्रश्न लेखी विचारा: ८०-८५ अंशांच्या दोन टक्के कॉस्टिकमध्ये पंधरा मिनिटं ठेवल्यावर शाई सुटते का? सुटत असेल तर पांढरा फ्लेक गुलाबी होतो. गर्द हिरवी, निळी आणि दुधाळ पांढरी बाटली टाळा, पारदर्शक किंवा अगदी फिकट निळी घ्या.

लेबल पीव्हीसीचं आहे का, हे गोदामात तपासता येतं. तांब्याची तार आधी ज्योतीत लाल करा, मग लेबलला टेकवून पुन्हा ज्योतीत धरा. हिरवी ज्योत दिसली तर क्लोरीन आहे. उघड्यावर करा आणि तो धूर नाकात जाऊ देऊ नका. फ्लेक घेणाऱ्यांसाठी ओव्हनची चाचणी आहे. नमुना २२० अंशांवर अर्धा तास ठेवला की पीव्हीसीचे तुकडे तपकिरी-काळे होतात आणि सहज वेचता येतात.

आता सांगलीपुरती एक गोष्ट, जिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. तासगाव, पलूस, मिरज, कवठेमहांकाळच्या द्राक्षपट्ट्यात औषधांच्या रिकाम्या बाटल्या बांधावर पडतात आणि तिथून भंगारात जातात. त्यातल्या काही पेटच्याही असतात. कीटकनाशक प्लास्टिकच्या आत शोषलं जातं, नुसत्या धुण्याने जात नाही. पाण्याच्या बाटल्यांच्या गठ्ठ्यात त्या मिसळल्या तर तो गठ्ठा फूड ग्रेडला देणं हा लोकांच्या जिवाशी खेळ आहे. शेतकऱ्याने बाटली तीनदा विसळून ते पाणी फवारणीच्याच टाकीत ओतावं, बाटलीला भोक पाडावं आणि ती वेगळ्या पोत्यात ठेवावी. भंगार व्यापाऱ्याने ते पोतं पाण्याच्या बाटल्यांच्या ढिगाजवळही आणू नये. खाद्यतेलाची बाटली विषारी नसते, पण तिचा तेलकटपणा धुण्याचं पाणी बिघडवतो, म्हणून तीही वेगळी ठेवलेली बरी.

साताऱ्याची अडचण वेगळी आहे. महाबळेश्वर, पाचगणी, कास, ठोसेघरला बाटल्या भरपूर, पण त्या खाली आणायच्या कशा? न चेपलेल्या एक लिटरच्या बाटल्या घनमीटरला जेमतेम ६०० बसतात, म्हणजे १२ किलो. छोटा हत्ती वरपर्यंत भरला तरी साठ-सत्तर किलोच माल येतो आणि डिझेल हवा वाहण्यात जातं. वर, घाटमाथ्यावरच, बाटल्या दाबून गठ्ठे करणारं उभं हायड्रॉलिक प्रेस बसवायला हवं. पावसाळ्यात गठ्ठे छपराखालीच हवेत, नाहीतर घेणारा ओलाव्यापोटी वजन कापतो. ते त्याचंही चूक नाही. कोरड्या, चांगल्या गठ्ठ्यातूनसुद्धा झाकण, लेबल, माती आणि भुगा जाऊन शंभर किलोला सत्तर-ऐंशी किलोच स्वच्छ फ्लेक निघतो. वर्गीकरण आपल्याला जमत नाही असंही नाही. स्वच्छ सर्वेक्षणात एक लाखाखालच्या शहरांत २०२० ला कराड आणि २०२१ ला विटा देशात पहिलं आलं होतं. अशा नगरपालिकांनी घंटागाडीवर पेटचं एक वेगळं पोतं बांधलं तरी मालाचा दर्जा लगेच वर जाईल.

२०१८ च्या राज्याच्या अधिसूचनेत एक लिटरच्या बाटलीला १ रुपया आणि अर्ध्या लिटरला २ रुपये परत द्यायची तरतूद होती. दुकानात ती रुजली नाही, कारण बाटली परत घेऊन ठेवायची कुठे आणि दुकानदाराला त्याचे पैसे कोण देणार, हे ठरलंच नाही. तरी डोंगरावरच्या पर्यटनस्थळांना ती पुन्हा लावून पाहावी असं मला मनापासून वाटतं. तमिळनाडूतल्या निलगिरीत मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशाने २०२२ मध्ये दारूच्या काचेच्या बाटलीवर १० रुपये जादा घेऊन बाटली परत केल्यावर ते द्यायला सुरुवात झाली. महाबळेश्वरला तर येण्याजाण्याचे रस्ते मोजकेच आहेत, त्यामुळे तिथे बाटल्या परत घेणं सोपं जाईल.

शेवटी प्रीफॉर्म विकत घेणाऱ्यांसाठी, कारण आपल्याकडचे बहुतेक लहान प्लांट तेच करतात. बिलावर रिसायकल मालाची टक्केवारी, बॅच नंबर आणि तो माल कुठल्या रिसायकलरचा आहे, हे तिन्ही लिहून घ्या. पाण्याच्या बाटलीला आयव्ही (पेटची साखळी किती लांब आहे हे सांगणारा आकडा) ०.७२ च्या खाली गेलेला माल नको. पुरवठादार माल १६०-१७० अंशांवर चार ते सहा तास वाळवतो का, ओलावा ५० पीपीएमच्या आत ठेवतो का, हे विचारा. ओला पेट मशीनमध्ये गेला की आयव्ही पडते आणि ब्लोइंगमध्ये, म्हणजे बाटली फुगवताना, बूड फाटतं. पहिल्या लॉटला ३० टक्क्यांवर उडी घेऊ नका. १० टक्क्यांचा लॉट चालवा, बाटल्या भरून दोन मीटरवरून टाकून पाहा, आठवडाभर उन्हात आणि सावलीत ठेवून वास-चव बघा, मग २० वर जा.