‘गरज पडली तरच शब्द वापरा’ हे असिसीकर संत फ्रान्सिसचं वाक्य नाही

ईस्टरआधीचा ख्रिस्ती उपवासकाळ आला की एक सुविचार फॅमिली ग्रुपवर हमखास फिरतो: ‘शुभवर्तमान सतत सांगा, गरज पडली तरच शब्द वापरा – संत फ्रान्सिस.’ मागे मेणबत्ती, वर कबुतर.

शुभवर्तमान म्हणजे येशूचा संदेश. वाक्य छान आहे, पण ते तेराव्या शतकातल्या या इटालियन संताचं, फ्रान्सिसचं नाही. त्याच्या लिखाणात ते सापडत नाही, सुरुवातीच्या चरित्रांतही नाही. जवळचं म्हणावं असं एकच: त्याने सुरू केलेल्या धर्मबंधूंच्या संघाच्या 1221 च्या नियमावलीत, सतराव्या प्रकरणात, सर्व बंधूंनी आपल्या कृतीतून उपदेश करावा असं तो सांगतो. पण त्याआधीची ओळ बघा. परवानगीशिवाय कुणी प्रवचन करू नये, असा तिथला विषय आहे. म्हणजे ज्यांना बोलायची मुभा नाही त्यांच्याही हातात कृती उरतेच. बोलणं कमी लेखलेलं नाही.

आणि स्वतः फ्रान्सिस? गडी अखंड बोलत होता! एका दिवसात चार-पाच गावांत प्रवचनं करायचा, असं त्याचा पहिला चरित्रकार थोमास चेलानो लिहितो. 1219 मध्ये धर्मयुद्ध चालू असताना तो इजिप्तमध्ये थेट सुलतान अल-कामिलसमोर जाऊन बोलला.

मात्र हात रिकामे ठेवून तो बोलला नाही. मृत्युपत्रात तो आधी कुष्ठरोग्यांची आठवण काढतो: त्यांना बघणंही नकोसं वाटायचं, मग त्यांच्यात राहून सेवा केली आणि कडू होतं ते गोड झालं. फॉरवर्डच करायचं तर हे करा. फक्त कबुतर नको.