‘अपडेट बंद ठेवा’ म्हणणाऱ्या फॉरवर्डचा समाचार

‘अपडेट म्हणजे तुमचा जुना फोन मारायचं औषध’ या धर्तीचा एक मेसेज वर्षानुवर्षं रूपं बदलून फिरतोय. त्यातले दावे साधारण असे: कंपन्या अपडेटमधून जुने फोन आणि कॉम्प्युटर मुद्दाम स्लो करतात आणि हे कोर्टात सिद्ध झालंय. अपडेट नाही केलं तर काहीही बिघडत नाही. हॅकर नव्या व्हर्जनच्या मागे असतात, जुन्याला कोणी विचारत नाही. अपडेटमधून हेरगिरी घुसवली जाते. म्हणून ऑटो-अपडेट बंद करा, आणि आधीच अपडेट झालं असेल तर खालच्या लिंकवरून जुनं व्हर्जन टाका.

यातला निम्मा राग रास्त आहे, हीच पंचाईत आहे. त्यामुळे ‘फेक आहे, पुढे पाठवू नका’ एवढं म्हणून भागत नाही. एकेक दावा तपासायला हवा.

‘मुद्दाम स्लो करतात, कोर्टात सिद्ध झालंय’

मेसेजमध्ये नाव असो-नसो, रोख ॲपलकडे असतो. प्रकरण असं होतं. २०१६ मध्ये आयफोन ६ आणि ६एस हे फोन बॅटरी ३०-४० टक्के दिसत असतानाच अचानक बंद पडू लागले. लिथियम-आयन बॅटरी जुनी झाली की तिचा अंतर्गत रोध वाढतो. फोन नुसता पडून असेल तर फरक जाणवत नाही. पण कॅमेरा उघडला किंवा गेम सुरू केला की प्रोसेसर एकदम जास्त करंट ओढतो आणि त्या क्षणी बॅटरीचं व्होल्टेज धाडकन खाली येतं. ते ठरावीक पातळीखाली गेलं की फोन बंद. जानेवारी २०१७ मध्ये आलेल्या आयओएस १०.२.१ मध्ये ॲपलने यावर तोड काढली: बॅटरी थकलेली असेल तर प्रोसेसरच्या कमाल वेगालाच लगाम घालायचा. फोन बंद पडणं कमी झालं. लगाम घातलाय हे मात्र लोकांना धड सांगितलं नाही.

ते उघड झालं डिसेंबर २०१७ मध्ये. बॅटरी बदलल्यावर फोनचा वेग परत आला, असं रेडिट या चर्चेच्या साइटवर एकाने लिहिलं. मग गीकबेंच ही वेगचाचणी बनवणारे जॉन पूल यांनी आयफोन ६एसवर झालेल्या चाचण्यांचे आकडे आलेखात मांडले. १०.२ व्हर्जनच्या आलेखात एकच उंच शिखर होतं, म्हणजे जवळपास सगळे फोन सारख्याच वेगाचे. १०.२.१ च्या आलेखात तेच शिखर, पण कमी वेगाच्या बाजूला आणखी छोटी छोटी शिखरं उगवलेली. मॉडेल तेच, प्रोसेसर तोच आणि काही फोन मात्र खालच्या पायऱ्यांवर अडकून पडलेले. बॅटरी म्हातारी होते तसा वेग हळूहळू घसरला असता तर आलेख नुसता पसरट झाला असता. अशा पायऱ्या सॉफ्टवेअरनेच पडतात.

ॲपलने मान्य केलं, माफी मागितली, वॉरंटीबाहेरची बॅटरी बदलण्याचा दर ७९ डॉलरवरून २९ डॉलरवर आणला आणि आयओएस ११.३ मध्ये बॅटरीची तब्येत दाखवण्याची व लगाम काढून टाकण्याची सोय दिली. फ्रान्सने २०२० मध्ये अडीच कोटी युरोंचा दंड केला, तो ग्राहकांना माहिती न दिल्याबद्दल. अमेरिकेतला सामूहिक दावा ५० कोटी डॉलरपर्यंतच्या तडजोडीत मिटला. तिथे निकाल लागलाच नाही आणि ॲपलने दोषही कबूल केला नाही. मेसेजच्या दाव्याच्या सर्वांत जवळ जातो तो इटलीचा निर्णय: २०१८ मध्ये तिथल्या स्पर्धा नियामकाने ॲपलला १ कोटी आणि सॅमसंगला ५० लाख युरो दंड केला, कारण जुन्या फोनांना न झेपणारी अपडेट्स लोकांच्या गळी उतरवली, परिणाम सांगितले नाहीत आणि मागे फिरायचा रस्ताही ठेवला नाही.

म्हणजे वेग कमी केला हे खरं, ते लपवलं हेही खरं. या लपवालपवीमुळे, नुसती बॅटरी बदलून भागलं असतं तिथे कित्येकांनी नवा फोन घेतला असणार. मला तरी हे पुरेसं गंभीर वाटतं, त्यात आणखी मीठमसाला घालायची गरज नाही. पण यावरून ‘प्रत्येक अपडेट प्रत्येक फोन मारायलाच येतं’ हा निष्कर्ष निघत नाही. आणि त्या प्रकरणात फोन ताळ्यावर आला तो बॅटरी बदलल्यावर. अपडेट अडवून ठेवल्याने थकलेली बॅटरी तरुण झाली नसती, फोन पूर्वीसारखाच मध्येच मान टाकत राहिला असता.

बाकी अपडेटनंतर फोन एक-दोन दिवस जड चालतो, याची कारणं बरीच साधी आहेत. ॲप्स नव्या सिस्टीमसाठी पुन्हा तयार केली जातात, फोटोंची नव्याने नोंद होते आणि हे सगळं मागे चालू असतं. स्टोरेज काठोकाठ भरलेलं असेल तर लिहिण्याचा वेगच पडतो. शिवाय सिस्टीम जुनीच ठेवली तरी ॲप्स आणि वेबसाइट्स दरवर्षी जाडजूड होत जातात, त्यांना तुमच्या फोनचं वय माहीत नसतं.

आता या दाव्यातली खरी गोची. कंपनीला तुमच्या गळ्यात नवं यंत्र मारायचंच असेल तर अपडेट देण्यापेक्षा अपडेट थांबवणं कितीतरी सोपं आहे. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि ठरावीक यादीतला प्रोसेसर लागतो, त्यामुळे ठणठणीत चालणारे असंख्य कॉम्प्युटर बाहेर राहिले. कित्येक अँड्रॉइड फोनांना अनेक वर्षं दोन-तीन वर्षांच्या वर काही मिळत नव्हतं. गूगलने पिक्सेल ८ पासून आणि सॅमसंगने एस२४ पासून सात वर्षांचं वचन दिलं, ते २०२३-२४ मध्ये. जुनं यंत्र मोडीत काढण्याचा कारखाना शोधायचा असेल तर तो इथे आहे, आणि मेसेज बरोबर उलट्या दिशेला बोट दाखवतोय. अपडेट बंद करणारा माणूस, कंपनी चार वर्षांनी जे करणार होती ते स्वतःच आज करून ठेवतो.

‘अपडेट नाही केलं तर काही होत नाही’

या दाव्याला तारखा पुरतात. १४ मार्च २०१७: मायक्रोसॉफ्टने विंडोजच्या फाइल शेअरिंगमधल्या एका भगदाडावर पॅच, म्हणजे भोक बुजवणारं छोटं अपडेट, दिला. १४ एप्रिल: शॅडो ब्रोकर्स नावाच्या टोळीने त्याच भगदाडातून शिरणारं, अमेरिकेच्या एनएसए या गुप्तचर संस्थेकडचं हत्यार इंटरनेटवर टाकून दिलं. १२ मे: फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा वॉनाक्राय हा व्हायरस सुटला. दीडशे देशांत दोन लाखांहून जास्त कॉम्प्युटर कुलूपबंद झाले. ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांत हजारो अपॉइंटमेंट रद्द झाल्या आणि काही ठिकाणी रुग्णवाहिका दुसरीकडे वळवाव्या लागल्या. बाधित झालेल्या यंत्रांपैकी बहुतेकांवर विंडोज ७ होतं, म्हणजे ज्याला पॅच मिळत होता असं. औषध दोन महिने हाताशी होतं, ते घेतलं गेलं नाही.

‘मी अनोळखी लिंक उघडतच नाही’ हे यावर ठरलेलं उत्तर. वॉनाक्रायला कोणी काही उघडावं लागत नव्हतं. नेटवर्कवरचं एक यंत्र बाधित झालं की ते शेजारची यंत्रं स्वतःच धुंडाळायचं. फोनचंही तसंच. २०२१ मध्ये टोरंटो विद्यापीठाच्या सिटिझन लॅबने ॲपलच्या आयमेसेज या मेसेज सेवेतला असा हल्ला पकडला, ज्यात मेसेज नुसता येऊन पडला की काम फत्ते, मालकाने बोटही लावायला नको. ॲपलने आयओएस १४.८ मध्ये ते बुजवलं. अशा महागड्या हल्ल्यांचं लक्ष्य सामान्य माणूस सहसा नसतो, हे खरं. पण सप्टेंबर २०२३ मध्ये वेबपी या प्रकारातली चित्रं उघडणाऱ्या एका छोट्या लायब्ररीत, म्हणजे अनेक ॲप्स वापरतात त्या तयार कोडमध्ये, दोष निघाला आणि क्रोम, फायरफॉक्सपासून कितीतरी ॲप्सना घाईघाईने अपडेट द्यावं लागलं. चित्र न बघता इंटरनेट कसं वापरणार?

आणि दर वेळी अपडेट आपणच चुकवायला हवं असंही नाही. इक्विफॅक्स या अमेरिकी पतमाहिती कंपनीने मार्च २०१७ मध्ये आलेला एक पॅच सगळीकडे लावलाच नाही. मे महिन्यात चोर आत शिरले आणि सुमारे १४.७ कोटी लोकांची माहिती गेली. त्या लोकांनी आपापले फोन अगदी वेळेवर अपडेट केले असतील, तरी.

‘हॅकर नव्या व्हर्जनच्या मागे असतात’

उलट आहे. पॅच बाहेर पडला की हल्लेखोर जुनी आणि नवी फाइल शेजारी ठेवून काय बदललं ते पाहतात. जिथे बदल झाला तिथे भोक होतं, हे कंपनीनेच सांगून टाकल्यासारखं असतं. मायक्रोसॉफ्टची पॅचेस महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतात, ही प्रथा २००३ पासूनची, आणि दुसऱ्या दिवसाला या धंद्यातले लोक थट्टेने ‘एक्स्प्लॉइट वेन्सडे’ म्हणतात, म्हणजे भोकाचा फायदा उठवायचा बुधवार. पॅच येण्याआधी भोक मोजक्या लोकांना ठाऊक असतं. आल्यानंतर ते सगळ्यांना ठाऊक होतं आणि उघडं राहतं फक्त अपडेट न केलेल्यांचं.

‘अपडेटमधून हेरगिरी घुसवतात’

इथे मेसेजवाल्यांना मी बरेच मार्क देईन. जून २०१७ मधला नॉटपेत्या हा विध्वंसक हल्ला युक्रेनमधल्या एम.ई.डॉक या हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधूनच पसरवला गेला. २०२० मध्ये सोलरविंड्स या कंपनीच्या नेटवर्क सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरच्या अधिकृत अपडेटमधून अमेरिकी सरकारी खात्यांत घुसखोरी झाल्याचं उघड झालं. अपडेटची वाट म्हणजे थेट घराच्या आतली वाट, आणि ती वाट राखणारी कंपनी झोपली तर सगळेच अडकतात. (त्यातही गंमत अशी, की आत शिरलेला नॉटपेत्या पुढे पसरायला इतर युक्त्यांबरोबर वॉनाक्रायवालं तेच जुनं भगदाड वापरत होता.)

त्याहून जास्त चीड येते ती कंपन्या स्वतःच्या हाताने करतात त्याची. १ एप्रिल २०१० ला सोनीने एका अपडेटने प्लेस्टेशन ३ या गेमच्या यंत्रावर लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम चालवायची सोय काढून घेतली. ही सोय बघूनच काहींनी ते यंत्र घेतलं होतं. सप्टेंबर २०१६ मध्ये एचपीचे काही प्रिंटर एके दिवशी दुसऱ्या कंपन्यांची शाईची कार्ट्रिज नाकारू लागले. आधीच्या फर्मवेअरमध्ये (प्रिंटरच्या आतल्या सॉफ्टवेअरमध्ये) ती अट पेरून ठेवलेली होती. आणि त्याच वर्षी विंडोज १० फुकट देण्याच्या नादात मायक्रोसॉफ्टने कमाल केली: अपग्रेडच्या खिडकीच्या कोपऱ्यातली फुली दाबली, तर त्याचा अर्थ ‘नको’ असा न घेता ठरलेल्या वेळी अपग्रेड होऊ दे असा घेतला जायचा. वीस वर्षं ज्या फुलीचा अर्थ ‘बंद कर’ एवढाच होता, तिच्याशी असा खेळ केल्यावर लोक पुढच्या प्रत्येक खिडकीकडे संशयाने बघणारच. अपडेटवरचा अविश्वास अडाणीपणातून आलेला नाही, तो कंपन्यांनी कमावलेला आहे.

पण भांडायचं तर नेमक्या जागी भांडावं. भोकं बुजवणारा पॅच आणि नवी फीचर्स, जाहिराती, बदललेल्या अटी हे सगळं एकाच गाठोड्यात बांधून ‘घ्या किंवा सोडा’ म्हणणं, हा या धंद्याचा गुन्हा. हे दोन वेगळे करा, आणि जे काढून घेणार ते आधी सांगा, ही मागणी करण्यात अर्थ आहे. तोवर हाताशी आहे तेवढं करावं: सुरक्षेचे पॅच आणि ब्राउझरची अपडेट्स आली की लगेच घ्यायची, मोठं नवं व्हर्जन मात्र दोन-चार आठवडे थांबून. हे थांबणं भित्रेपणाचं नाही. ऑक्टोबर २०१८ मध्ये विंडोज १० चं मोठं अपडेट काही लोकांच्या फायली पुसत असल्याचं कळल्यावर मायक्रोसॉफ्टला ते मागे घ्यावं लागलं. ज्यांनी घाई केली नव्हती त्यांना बातमी वाचायला मिळाली, एवढंच. अपडेटनंतर परवानग्यांच्या पानावर एक नजर टाकावी, आणि मोठ्या अपडेटआधी बॅकअप, हे वेगळं सांगायला नको.

‘खालच्या लिंकवरून जुनं व्हर्जन टाका’

सगळ्या मेसेजमधलं सर्वांत घातक वाक्य हे. कंपनीवर विश्वास ठेवू नका असं पानभर सांगून शेवटी विश्वास ठेवायला लावतात तो कुठल्यातरी साइटवरच्या एपीके फाइलवर, म्हणजे अँड्रॉइड ॲप बसवायच्या फाइलवर. अँड्रॉइडमध्ये ॲपवर बनवणाऱ्याची डिजिटल सही असते. आधीपासून असलेल्या ॲपवर दुसरी फाइल टाकायला गेलं की सही जुळते का हे फोन तपासतो, आणि व्हर्जन जुनं असेल तर सहसा नाकारतो. म्हणून या मेसेजांत एक पायरी हमखास असते: ‘आधी मूळ ॲप अनइन्स्टॉल करा’. मूळ ॲप गेलं की सही ताडून बघायला फोनकडे काही उरत नाही. मग ‘अनोळखी ठिकाणाहून इन्स्टॉल’ची परवानगी चालू करायला सांगतात, म्हणजे दुसरी कडीही निघाली. फोनबरोबर आलेलं एखादं ॲप खरोखरच नव्या व्हर्जनमध्ये बिघडलं असेल तर सेटिंग्जमध्ये त्या ॲपच्या पानावर ‘अनइन्स्टॉल अपडेट्स’ असतं. त्याने कारखान्यातून आलेलं व्हर्जन परत येतं, कुठलीही लिंक लागत नाही. लिंकवरची फाइल कोणी बनवली आणि तिच्यात काय भरलंय, हे मेसेज पुढे ढकलणाऱ्यालाही माहीत नसतं.