माजी राष्ट्रपतींना खुर्ची द्यावी, काम देऊ नये

२०२५च्या ऑक्टोबरमध्ये माझ्या दोन्ही देशांत राष्ट्रपतिपदाचा विषय निघाला. २ तारखेला, विजयादशमीला, नागपुरात राष्ट्रीय स्वयंसेवक संघाच्या शताब्दी सोहळ्याला माजी राष्ट्रपती रामनाथ कोविंद प्रमुख पाहुणे होते. आणि २४ तारखेला मी इथे डब्लिनमध्ये आयुष्यात पहिल्यांदा राष्ट्राध्यक्षपदासाठी मत दिलं. भारतात हे मत आमदार-खासदार देतात. आयर्लंडमध्ये ते नागरिक देतात, आणि मी आता या देशाची नागरिक आहे.

आमच्या घरच्या ग्रुपवर तेव्हा नागपूरवरून कडाक्याचा वाद चालला होता. मामाचं म्हणणं, राष्ट्रपतिपदावर राहिलेल्या माणसाने कुठल्याच संघटनेच्या व्यासपीठावर चढू नये. आतेभावाचं म्हणणं, मुदत संपली की तो साधा नागरिक, त्याला कोण अडवणार? २०१८मध्ये प्रणव मुखर्जी नागपूरला गेले तेव्हाही हे दोघं हेच बोलले होते. मी मध्ये पडले तर उत्तर आलं, ‘तू पासपोर्ट सोडलास, तुला काय त्याचं?’ ते मनाला लागलं. पासपोर्ट बदलला म्हणून ज्या राज्यघटनेखाली मी लहानाची मोठी झाले तिची काळजी सुटत नाही. शिवाय मला सांगायचं होतं ते मामाच्याही बाजूचं नव्हतं आणि आतेभावाच्याही. माजी राष्ट्रपती कुठे गेले आणि कुणाशेजारी बसले, यावर आपण इतकं बोलतो की त्याहून मोठी गोष्ट नजरेतून सुटते: त्यांनी सरकारच्या हातून काम घेतलं का?

परदेशाचा दाखला द्यायचा तर आपल्याकडे लगेच अमेरिका आठवते. जिमी कार्टर यांचं नाव निघतं, आणि ते योग्यच आहे. आपण ज्याला नारू म्हणतो तो रोग १९८६मध्ये जगात वर्षाला सुमारे ३५ लाख लोकांना होत असे. कार्टर यांच्या संस्थेने तो हटवण्याचं काम अंगावर घेतलं, आणि २०२३मध्ये साऱ्या जगात माणसांमधले अवघे १४ रुग्ण नोंदले गेले. निवृत्तीनंतरचं असं आयुष्य कुणालाही हेवा वाटावा असं आहे. पण अमेरिकेचा अध्यक्ष राज्य चालवतो, पक्षाचा असतो आणि पद सोडल्यावरही पक्षाचाच राहतो. जॉन क्विन्सी अ‍ॅडम्स अध्यक्षपदानंतर सतरा वर्षं प्रतिनिधिगृहात बसले, विल्यम टाफ्ट सरन्यायाधीश झाले. तिथे ते खपतं. आपल्या राष्ट्रपतींकडून आपण वेगळं मागतो. शपथेच्या दिवशी पक्ष बाहेर ठेवून आत या, असं आपण त्यांना सांगतो. बाहेर पडताना तो पुन्हा अंगावर चढवायचा का, हा प्रश्न अमेरिकेत उद्भवतच नाही.

आयर्लंडमध्ये उद्भवतो. आपल्या घटनाकारांनी इथूनच मार्गदर्शक तत्त्वं घेतली आणि राज्यसभेवर नामवंतांना नेमण्याची कल्पनाही इथूनच उचलली. इथला राष्ट्राध्यक्षही राज्य चालवत नाही. विधेयकावर सही करतो, आणि शंका आली तर सही करण्याआधी ते सर्वोच्च न्यायालयाकडे पाठवू शकतो. एवढाही अधिकार वापरणं किती महागात पडू शकतं ते १९७६मध्ये कॅरल ओ डाली यांनी पाहिलं. आणीबाणीच्या अधिकारांचं विधेयक त्यांनी न्यायालयाकडे पाठवलं, म्हणून संरक्षणमंत्र्यांनी सैनिकांसमोर त्यांचा जाहीर अपमान केला. सरकारने त्या मंत्र्यांना काढलं नाही तेव्हा पदाची प्रतिष्ठा राखायला ओ डाली यांनी राजीनामा दिला. आयुष्याचं उरलेलं दीडेक वर्ष ते केरी परगण्यातल्या एका लहान गावी राहिले.

त्यांच्यासारखं शांत राहणं हा एक मार्ग झाला. राजेंद्रप्रसादही १९६२मध्ये पाटण्याच्या सदाकत आश्रमात परतले. पण माजी राष्ट्रपतींनी गप्पच बसावं, हे मला मान्य नाही. इथल्या मेरी मॅकअलीस १४ वर्षं पदावर होत्या. नंतर त्यांनी रोमला जाऊन चर्चच्या कायद्यात डॉक्टरेट केली आणि २०१८मध्ये तिथेच उभं राहून कॅथलिक चर्च स्त्रियांना कसं वागवतं यावर कठोर टीका केली. २०१५मध्ये समलिंगी विवाहाच्या सार्वमतात त्यांनी आपली बाजू उघडपणे सांगितली. त्या आपल्या अभ्यासातून आणि अनुभवातून बोलत होत्या. कुणी नेमून दिलं म्हणून बोलत नव्हत्या. आपल्याकडे के. आर. नारायणन यांनी २००५मध्ये, निधनाच्या काही महिने आधी, सांगितलं की २००२च्या गुजरातमधल्या हिंसाचाराच्या वेळी लष्कर पाठवण्यासाठी आपण पंतप्रधान वाजपेयींना पत्रं लिहिली होती. पदाची गुप्तता मोडली म्हणून काहींना ते खटकलं. मला वाटतं, देशाला ते कळण्याचा हक्क होता.

बोलण्यात धोका आहेच. राष्ट्रपतींचा आवाज पद सुटल्यावरही एकट्या माणसाचा आवाज होत नाही, पदाचं वजन त्याला चिकटून राहतं. २०११मध्ये कुडनकुलमच्या अणुप्रकल्पाविरुद्ध आंदोलन पेटलं असताना अब्दुल कलाम तिथे गेले आणि प्रकल्प सुरक्षित आहे असं त्यांनी सांगितलं. शास्त्रज्ञ म्हणून त्यांना तो अधिकार होता. किनाऱ्यावरच्या मच्छीमारांना मात्र त्या आवाजात राज्यसत्ताच ऐकू आली असणार, आणि कलाम यांच्याविषयी मनात कितीही प्रेम असलं तरी हे नाकारता येत नाही. इथल्या माजी राष्ट्राध्यक्ष मेरी रॉबिन्सन यांचं २०१८मधलं उदाहरण तर फार बोचरं आहे. दुबईच्या राजघराण्यातून पळायचा प्रयत्न केलेल्या राजकन्येसोबत त्यांचे फोटो काढले गेले, आणि ती सुखरूप आहे याचा पुरावा म्हणून ते जगभर फिरले. आपल्याला फसवण्यात आलं, हे रॉबिन्सन यांनी २०२१मध्ये मोकळेपणाने कबूल केलं. मानवी हक्कांसाठी आयुष्य घातलेल्या बाईचं नाव असं वापरलं गेलं. प्रणवदांची मुलगी शर्मिष्ठा मुखर्जी यांनी २०१८मध्ये वडिलांना जाहीरपणे हेच सांगितलं होतं: भाषण लोक विसरतील, चित्रं उरतील. प्रणवदांचं राष्ट्रवादावरचं ते भाषण मी पूर्ण वाचलं आहे आणि मला ते चांगलं वाटलं. ग्रुपवर आजही फक्त फोटो येतात.

तरीही व्यासपीठाची चूक, ती चूक असलीच तर, एका दिवसाची असते. नेमणुकीची तशी नसते.

सप्टेंबर २०२३मध्ये केंद्र सरकारने एकत्रित निवडणुकांसाठी समिती नेमली आणि कोविंद यांना अध्यक्ष केलं. गृहमंत्री अमित शहा त्यांच्या हाताखाली सदस्य. लोकसभेतले काँग्रेसचे नेते अधीर रंजन चौधरी यांनी सदस्यत्व नाकारलं. १९१ दिवसांत १८,६२६ पानांचा अहवाल झाला, आणि १४ मार्च २०२४ला तो राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांना देण्यात आला. डिसेंबरमध्ये त्यावर आधारलेलं घटनादुरुस्ती विधेयक लोकसभेत आलं. कोविंद यांच्या कष्टांविषयी किंवा हेतूविषयी मला शंका नाही. ते स्वतः सर्वोच्च न्यायालयात वकिली केलेले आहेत. एकत्रित निवडणुका असाव्यात की नसाव्यात, हाही इथे माझा विषय नाही. मला छळतं ते एवढंच: राजशिष्टाचाराच्या मानक्रमात माजी राष्ट्रपती पाचवे आणि केंद्रीय मंत्री सातवे, आणि इथे कायदा मंत्रालयाच्या अधिसूचनेने माजी राष्ट्रपतींना काम नेमून दिलं. ते कामही पक्षापक्षांत सर्वात तीव्र मतभेद असलेल्या विषयावरचं. हे विधेयक संमत झालं तर त्यावर सही करावी लागेल राष्ट्रपतींनाच, म्हणजे ज्या पदावर कोविंद स्वतः बसले होते त्याच पदाला. आधीच्या राष्ट्रपतींनी सही केलेला अहवाल समोर असताना नंतरच्या राष्ट्रपतींच्या मनावर थोडंही दडपण येणार नाही, असं मी म्हणू शकत नाही.

आपली राज्यघटना अशा बाबतीत भोळी नाही. कलम १४८ म्हणतं, नियंत्रक व महालेखापरीक्षकाला निवृत्तीनंतर केंद्राचं किंवा राज्याचं कुठलंही पद घेता येणार नाही. लोकसेवा आयोगाच्या अध्यक्षांनाही कलम ३१९ सरकारी नोकरी बंद करतं. सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांना निवृत्तीनंतर देशातल्या कुठल्याही न्यायालयात वकिली करता येत नाही. उद्या मिळणाऱ्या पदाच्या आशेने आजचा निर्णय वाकू नये, हे त्यामागचं शहाणपण आहे. राष्ट्रपतींसाठी असं एक वाक्यही नाही. कदाचित त्या पदानंतर कुणी आणखी काही मागेल असं घटनाकारांना सुचलंच नसेल. पण राजाजी गव्हर्नर जनरल झाल्यानंतर केंद्रात मंत्री झाले होते आणि १९५२मध्ये मद्रासचे मुख्यमंत्री, म्हणजे राष्ट्रप्रमुखाने पुन्हा सत्तेत उतरण्याचं उदाहरण राज्यघटना लागू झाल्यावर लवकरच डोळ्यांसमोर आलं.

आपण फक्त घराविषयी भांडलो. २०१२मध्ये प्रतिभाताई पाटील यांच्या निवृत्तीनंतरच्या निवासासाठी पुण्यातल्या खडकीत लष्कराची जमीन दिल्यावरून गदारोळ झाला आणि त्यांनी ती सोडली. बरं झालं. पण बंगला किती मोठा हे मोजणाऱ्या देशाने नेमणुकीचा प्रश्न कधी मोजलाच नाही.

आयर्लंडने माजी राष्ट्राध्यक्षांना एक जागा दिली आहे. घटनेच्या ३१व्या कलमाने राज्य परिषद नावाचं सल्लागार मंडळ आहे. काम करायला तयार असलेले सगळे माजी राष्ट्राध्यक्ष, माजी पंतप्रधान आणि माजी सरन्यायाधीश तिचे आपोआप सदस्य होतात. सरकार त्यांना निवडत नाही, म्हणून काढूही शकत नाही. मंडळ क्वचितच बसतं. एखादं विधेयक न्यायालयाकडे पाठवावं का, असं राष्ट्राध्यक्षाला वाटलं की तो यांना बोलावतो, ऐकून घेतो आणि निर्णय स्वतः करतो.

त्यातली एक बैठक मी कधी विसरणार नाही. ऑक्टोबर २०१२मध्ये आपल्या बेळगावची सविता हलप्पनवार इथे गॉलवे शहरात मरण पावली. गर्भपात होऊ घातलेला असताना तिने मागितलेली मदत तिला कायद्यामुळे मिळाली नाही. इथल्या प्रत्येक भारतीय घरात त्या दिवसांत तिचा फोटो होता, माझ्याही. पुढच्या जुलैमध्ये गर्भवतीच्या जिवाला धोका असेल तर गर्भपाताला परवानगी देणारं विधेयक राष्ट्राध्यक्ष मायकल हिगिन्स यांच्यासमोर आलं. त्यांनी राज्य परिषद बोलावली, बंद दाराआड चर्चा झाली आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी सही केली. मी तेव्हा नागरिक नव्हते, फक्त टीव्हीसमोर बसलेली एक बाई होते. पण ज्यांना आता कुठलंच पद मिळवायचं नाही अशी माणसं त्या खोलीत बसून सवितामुळे आलेल्या कायद्याचा विचार करत आहेत, याचा मला फार आधार वाटला.

ही कल्पना आपल्याला परकी नाही. संविधान सभेचे सल्लागार बेनेगल नरसिंह राव यांनी आयर्लंडसारखीच राज्य परिषद सुचवली होती. ती स्वीकारली गेली नाही. आता आणायची तर तिचं क्षेत्र लहानच राहील, कारण ४२व्या घटनादुरुस्तीपासून राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने बांधलेले आहेत. पण विधेयक एकदा फेरविचाराला परत पाठवायचं का, मंत्रिमंडळाचा सल्ला पुन्हा तपासायला सांगायचा का, हे तरी राष्ट्रपतींनी ठरवायचं असतं. तेव्हा त्यांनी कुणाशी बोलावं? आज भारतात दोन माजी राष्ट्रपती आहेत, प्रतिभाताई आणि कोविंद. दोघांनाही त्या खोलीतलं एकटेपण माहीत आहे.

मी मामाला हे सगळं लिहून पाठवलं. ‘घटनादुरुस्ती कोण करणार?’ असं त्याने विचारलं. कलम १४८मधलं वाक्य राष्ट्रपतींच्या प्रकरणात आणायला संसदच लागेल, हे खरं आहे. मुर्मू यांची मुदत जुलै २०२७मध्ये संपते. तेव्हा त्या ६९ वर्षांच्या असतील, आणि त्यांच्याकडे कुठली ना कुठली अधिसूचना नक्की येईल.